‘पाणी येणार नाही’ असं लेकराला सांगू नका

जून लागला की लेकरांच्या मनाच्या तक्रारी घेऊन माझ्याकडं येणारे आईबाप एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. पूर कधीच ओसरला, घर धुतलं, भिंतींना रंग दिला, मग पोर अजून का घाबरतंय? पत्र्यावर पाऊस वाजला की उठून का बसतंय? त्याच्या डोक्यात कायमचं काही बसलंय का?

या प्रश्नाचं उत्तर मला एका घरानं शिकवलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेकडचं, पंचगंगा नदीच्या अंगाला. पुढं पिठाची गिरणी, मागं दोन खोल्या. नवरा-बायको, नवऱ्याची आई आणि एक मुलगी. 2022 च्या जूनमध्ये ते आले तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. आई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलायला लागली. "मॅडम, पाऊस सुरू झाला की ही दप्तर उशाला घेऊन झोपतीया. काढून घेतलं तर थरथरतीया. पाणी येणार नाही म्हणून शंभरदा सांगितलं हिला. येडबिड लागलं नाही न्हवं?"

पहिल्या भेटीत माझं चुकलं. मी मुलीला जवळ घेऊन म्हणाले, "आता काही भीती नाही, बाळा." ती काहीच बोलली नाही, खिडकीबाहेरच्या पावसाकडं बघत राहिली. आपण हिच्या आईचंच वाक्य पुन्हा म्हटलं, हे मला ते लोक निघून गेल्यावर उमगलं.

पुढच्या भेटीत आजीला बोलतं केलं. 2019 चा ऑगस्ट. आठवडाभर झड लागलेली, शिवाजी पुलाला मच्छिंद्री झालेली, म्हणजे पाणी पुलावरच्या पुराच्या खुणेला टेकलेलं, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेले. शेजारपाजारचे सामान हलवत होते. "मीच म्हटलो, कुठं जायाचं न्हाई," आजी म्हणाल्या. "2005 ला एवढा पूर आला, पर आमच्या उंबऱ्याला पाणी शिवलं न्हवतं." राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी 55 च्याही पुढं गेलं. रात्री गिरणीत पाणी शिरलं, पहाटे या चौघांना नावेतून काढलं. पाच वर्षांची पोर बापाच्या खांद्यावर होती. निवाऱ्याच्या शाळेत पोचल्यावर कळलं की आजीच्या बीपीच्या गोळ्या घरातच राहिल्या. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, पेठेतली मेडिकलची दुकानं बुडालेली. उपसा केंद्रंच पाण्यात गेल्यामुळं नळ कोरडे. गोळ्या मिळेपर्यंत आजी दोनदा चक्कर येऊन पडल्या, आणि पोर ते बघत होती.

पाणी ओसरल्यावर बापानं लेकीला सांगितलं, असला पूर आता तुझ्या लग्नापर्यंत यायचा नाही. 2021 च्या जुलैत तो आला, आणि पातळी 2019 च्याही वर गेली.

मोठ्यांनी दोनदा ‘येणार नाही’ म्हटलं आणि दोन्ही वेळा पाणी आलं. मग तिसऱ्यांदा तेच ऐकून या मुलीनं शांत झोपावं अशी अपेक्षा कशी करायची? तिला पावसाची भीती होतीच. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे घरातल्या मोठ्यांच्या शब्दावर तिला आता टेकता येत नव्हतं. आपण लेकराला धीर देतो तेव्हा पुष्कळदा आपलाच धीर गोळा करत असतो. त्यात वाईट काही नाही, पण लेकराला ते कळतं.

तिसऱ्या भेटीत मी तिला दप्तर आणायला सांगितलं आणि विचारलं, "दाखवशील?" तिनं एकेक वस्तू टेबलावर मांडली. आजीच्या गोळ्यांची एक पट्टी, त्यातल्या चार गोळ्या शिल्लक. गॅसचं पुस्तक. सेल नसलेली बॅटरी. बिस्किटाचा पुडा. आईचा कंगवा. बापाच्या मोटरची काळपट किल्ली. एकही खेळणं नव्हतं. आई बघतच राहिली. मग आजी रडल्या.

त्या घरात पुराची तयारी केलेली माणूस एकच होती, आणि ती आठ वर्षांची होती.

तिच्यावरचं हे ओझं उतरवायचं तर दप्तर काढून घेऊन चालणार नव्हतं. ते मोठ्यांनी आपल्या खांद्यावर घ्यायला हवं होतं. त्या दिवशी चौघांनी माझ्यासमोर बसून ठरवलं. पातळी 35 फुटांवर गेली की कागदपत्रं आणि गोळ्या एका पिशवीत. 37 ला गिरणीची मोटर सोडवून माळ्यावर. 39 म्हणजे इशारा पातळी. तेवढं झालं की आजी आणि मुलगी राजारामपुरीत आत्याकडं, कुणीही ‘बघू अजून’ म्हणायचं नाही. आकडा दिवसातून दोनदाच बघायचा, सकाळी आणि संध्याकाळी, आणि मुलीनं तो दाराशेजारी खडूनं लिहायचा. दोनदाच यासाठी, की बाप रात्री दर दहा मिनिटांनी मोबाईल उघडून पातळी बघायचा. अंधारात उजळणारा त्याचा चेहरा बघून मुलीची झोप उडायची.

बापाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण अशा घरांतला गडी माणूस सहसा माझ्यासमोर बसत नाही, मुलीला सोडून बाहेर गाडीवर थांबतो. हा बसला, तो तिसऱ्या भेटीपासून. पहिल्या पुरात गिरणीत लोकांचे दळणाचे 27 डबे होते. सगळे गेले. त्यानं उसनवारी करून प्रत्येकाचं धान्य भरून दिलं. नको म्हणणाऱ्यांनाही दिलं. "डबं परत केलं, पर वास जात नाही मॅडम," तो म्हणाला. कुजलेल्या पिठाचा आणि गाळाचा वास. तीन वर्षांनंतरही गिरणीचं शटर उघडताना त्याला तो यायचा. हे त्यानं बायकोला कधी सांगितलं नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मला बी येतोय." म्हणूनच ती रोज फिनेलनं फरशी पुसत होती.

आता त्या प्रश्नाकडं येते. पुरानंतर दचकणं, झोप मोडणं, मोठं मूल पुन्हा गादी ओली करायला लागणं, खेळताना तेच तेच पाणी आणि होडी, हे सगळं पहिल्या काही आठवड्यांत होतंच. पोरांच्या बाबतीत खेळातून ते बाहेर पडणं बरंच. पाहुण्यांसमोर उभं करून ‘सांग की काय झालं’ म्हणू नका. बळजबरीनं वदवून घेतल्यानं भीती जात नाही. लेकरू आपणहून बोललं तर मात्र हातातलं काम ठेवून ऐका. शाळा, जेवण, झोप यांच्या वेळा जमतील तितक्या लवकर पूर्ववत करा. महिना उलटूनही झोप, शाळा किंवा कामधंदा अडत असेल, कुणी दारूकडं वळलं असेल, तर मदत घ्या. ‘जगून काय करू’ असे शब्द घरात निघाले तर महिन्याचीसुद्धा वाट बघू नका. टेलिमानस हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे, 14416, तिथं मराठीत बोलता येतं. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि नदीकाठी राहणाऱ्याला पावसात भीती वाटणं याला मी आजार म्हणणार नाही. पंचगंगेकाठी ती थोडी असावीच.

मूल विचारेल, "पुन्हा पाणी येईल का?" तेव्हा म्हणा, "येऊ शकतं. आलं तर आपण असं असं करणार आहोत." हे म्हणायला आईबापांची जीभ रेटत नाही, मला माहीत आहे.

त्या मुलीचं दप्तर लगेच सुटलं नाही. ते पावसाळाभर उशाशीच होतं. दिवाळीनंतर ते खुंटीवर गेलं. पुढच्या जूनमध्ये आठ-दहा दिवस पुन्हा उशाशी आलं, आणि आईनं मला घाबरून फोन केला नाही, हे मला महत्त्वाचं वाटलं.

2024 च्या जुलैत नदीनं पुन्हा 43 ओलांडले. मी त्यांना फोन करायचं ठरवत होते, तेव्हा आत्याच्या घरून आईचाच आला. आजी आणि मुलगी 39 लाच निघाल्या होत्या, मोटर माळ्यावर होती. आजी निघताना ‘एक दिवस थांबू की’ म्हणाल्या, तर नातीनं दाराजवळच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"आणि गोळ्या?" मी विचारलं.

"माझ्याजवळ हायत," आई म्हणाली. "तिनं फक्त चित्रकलेची वही घेतलीया."