ड्रेस्डेनची ऑफर आणि ते मोर्चे

मृणाल,

तुझा मेसेज मिळाला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या चिप कारखान्यात प्रोसेस इंजिनिअरची ऑफर, हातात नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनची दुसरी, सोबत नवरा आणि पाच वर्षांची लेक, आणि नेमका याच वेळी कुणीतरी तुला इथल्या अतिउजव्यांच्या मोर्चाचा तो व्हिडिओ पाठवला. झेंडे, ढोल, काळे कपडे घातलेली पोरं आणि दोन्ही अंगाला पोलिस, जणू वऱ्हाडच सांभाळून नेतायत. तू विचारलंस, 'ताई, सरकार यांच्यावर बंदी का घालत नाही?' शिवाय व्हिसावर असताना विरोधी निदर्शनांना गेलेलं चालतं का, दारावरच्या स्वस्तिकाचं काय करायचं, आणि मुळात तिथे राहायला यावं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: ये. पण माहिती घेऊन ये.

पोलिस बाजूने चालताना दिसले की आपल्याला वाटतं, सरकारची फूस आहे. मलाही आल्या आल्या तसंच वाटायचं. इथे मोर्चाला परवानगी नावाचा प्रकारच नाही. आपल्याकडे आझाद मैदानासाठी पोलिसांकडे अर्ज करा, मग जमावबंदी आहे का बघा, असं चालतं. इथे मोर्चा जाहीर करायच्या 48 तास आधी प्रशासनाला कळवायचं, बस्स. प्रशासन अटी घालू शकतं, मार्ग बदलू शकतं, पण सरसकट बंदी घालायची तर ठोस धोका दाखवावा लागतो, आणि तो पटला नाही तर न्यायालय बंदी उठवतं. हाच नियम समोरच्यांना, म्हणजे विरोधी निदर्शकांनाही लागू आहे. त्यांनाही मोर्चा 'दिसेल आणि ऐकू येईल' इतक्या अंतरावर उभं राहता यावं, अशी इथली पद्धत आहे. म्हणून मध्ये पोलिसांच्या गाड्या एकीला एक चिकटून लावलेल्या असतात. मोर्चा कायदेशीर असेल तर तो पार पाडणं हे पोलिसांचं काम, मग घोषणा कुणाच्या का असेनात.

एकदा नॉयमार्क्ट चौकात हे जवळून बघ. सुरुवातीला मोर्चाचा प्रमुख माइकवर अटी वाचून दाखवतो: दारू नाही, झेंड्याच्या काठीची लांबी इतकीच, तोंड झाकायचं नाही. ज्यांना व्यवस्थाच उलथवायची असते तेही या अटी निमूटपणे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मागचं इतिवृत्त वाचावं तसे वाचतात. समोरून शिट्ट्या आणि 'नात्सिस राउस' (नाझींनो, चालते व्हा) सुरू असतं. त्या गर्दीत 'ओमास गेगेन रेख्ट्स' या संघटनेच्या, म्हणजे उजव्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या आज्या असतात. लोकरी टोपी, हातात फलक, पिशवीत थर्मास. दोन तासांनी सगळे आपापल्या ट्रामने घरी.

तू व्हिडिओत पाहिलेलं बहुतेक पेगिडाचं, म्हणजे इस्लाम आणि स्थलांतराविरुद्धच्या चळवळीचं असावं. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये लुट्झ बाखमानने ड्रेस्डेनमध्ये ते सुरू केलं, दर सोमवारी संध्याकाळी. 12 जानेवारी 2015 ला पोलिसांच्या हिशेबाने 25,000 लोक जमले होते. घोषणा 'आम्हीच जनता', जी 1989 मध्ये लाइपझिगच्या लोकांनी साम्यवादी राजवटीविरुद्ध दिली होती. ती अशी पळवली गेल्याचा राग इथल्या जुन्या लोकांच्या मनात अजून आहे. 2014 च्या डिसेंबरात पेगिडावाले ऑपेरा हाउससमोर नाताळची गाणी म्हणायला जमले, तेव्हा झेम्परऑपेराने दर्शनी भागातले दिवे बंद करून टाकले. बंदी नाही, लाठी नाही, नुसता अंधार. मला हा विरोध फार आवडतो. पेगिडाने शेवटचा मोर्चा ऑक्टोबर 2024 मध्ये काढला आणि दुकान बंद केलं. सोमवारी छोटे गट अजून फिरतात.

आता मर्यादा कुठे आहे ते. इथे ती स्पष्ट आखलेली आहे, फक्त आपल्याला वाटते तिथे नाही. नाझी चिन्हं, हात वर करून केलेला सलाम, त्यांच्या घोषणा हा कलम 86-अ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. एखाद्या समूहाविरुद्ध द्वेष भडकवणं, ज्यूंचा वंशसंहार नाकारणं हे कलम 130 मध्ये येतं, तिथे पाच वर्षांपर्यंत. हे कागदावरचं नाही. थ्युरिंगिया राज्यातला, एएफडी या उजव्या, स्थलांतरविरोधी पक्षाचा नेता ब्यॉर्न होके 'सगळं जर्मनीसाठी' म्हणाला. ऐकायला किती निरुपद्रवी! पण ते हिटलरच्या एसए दलाचं ब्रीदवाक्य. होके इतिहासाचा शिक्षक होता, त्यामुळे 'मला माहीत नव्हतं' हे हाले शहरातल्या न्यायालयाला पटलं नाही. मे 2024 मध्ये 13,000 युरो दंड झाला. बाखमानलाही 2016 मध्ये निर्वासितांना फेसबुकवर जनावरं म्हटल्याबद्दल 9,600 युरो पडले होते.

पण 'परदेशी लोक परत पाठवा' असा फलक घेऊन ट्रामच्या थांब्यावर उभं राहणं हा गुन्हा नाही. एखादं मत विखारी आहे एवढ्यावरून त्याला मनाई करता येत नाही, असं इथलं घटनापीठ वारंवार सांगतं. 2009 च्या नोव्हेंबरात वुनझीडेलच्या प्रकरणात, तिथे हिटलरच्या साथीदाराच्या थडग्यापाशी दरवर्षी जमाव व्हायचा, त्यांनी एकच अपवाद मानला: नाझी राजवटीचा उदोउदो. कारण हे राज्यच तिच्या विरोधातून उभं राहिलं. बाकी विखारी मतंही, वरच्या कलमांत बसत नसतील तर, बोलायला मोकळी.

माझं मत विचारशील तर या आखणीचा एक तोटा आहे. हुशार माणूस रेघेच्या एक बोट अलीकडे उभा राहून बोलायला शिकतो. फेब्रुवारी 2025 च्या संसदेच्या निवडणुकीत साक्सनीत, म्हणजे ड्रेस्डेनच्या राज्यात, एएफडीला 37 टक्क्यांच्या वर मतं मिळाली. त्याआधी डिसेंबर 2023 मध्येच राज्याच्या घटनारक्षण खात्याने (अंतर्गत गुप्तचर खातं) पक्षाच्या इथल्या शाखेला अतिउजवी ठरवलं होतं. शिक्का बसला, मतं वाढली. तरीही मला ही पद्धत आपल्यापेक्षा बरी वाटते, कारण कुणाच्या भावना दुखावल्या यावर इथे फारसं काही ठरत नाही. शब्द काय होते, कुठे बोलले, कुणाविरुद्ध, एवढं बघतात.

आणि खरं सांगू, 'बाहेरचे येऊन आमच्या नोकऱ्या खातात' ही भाषा आपल्याला नवी नाही. मी ठाण्यात वाढले. तेव्हा फलकावर नाव दुसऱ्यांचं असायचं आणि आपण टाळ्या वाजवणाऱ्यांत नसलो तरी निवांत होतो. इथे फलकावर कधीकधी थेट आपणच. 2000 साली भारतीय आयटीवाल्यांना ग्रीन कार्ड द्यायचं ठरलं, तेव्हा युर्गेन रुट्गर्सच्या प्रचारातून 'किंडर श्टाट इंडर' ही घोषणा निघाली, म्हणजे भारतीयांऐवजी आपली मुलं. तो काही नाझी नव्हता, चांगल्या मोठ्या पक्षाचा नेता होता आणि पुढे मुख्यमंत्रीही झाला.

निदर्शनांना जायचं का? जा. जमण्याचा अधिकार राज्यघटनेत जर्मन नागरिकांच्या नावाने लिहिलाय, पण सभा-कायद्याने तो प्रत्येकाला आहे, ब्लू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांचा परवाना असलेल्यालाही. फक्त उभं राहणं आणि रस्ता अडवून बसणं यातला फरक लक्षात ठेव. 13 फेब्रुवारी हा इथला मोठा दिवस. 1945 च्या बॉम्बफेकीत इतिहासकारांच्या आयोगाच्या मते 25,000 पर्यंत माणसं मेली. नवनाझी हा आकडा कित्येक पटींनी फुगवून त्या दिवशी 'शोकयात्रा' काढतात. 2010 मध्ये हजारो लोक नॉयश्टाट स्टेशनभोवती बसून राहिले आणि यात्रा निघूच शकली नाही. त्याच दिवशी जुन्या शहरात हातात हात घालून मानवी साखळी झाली, ती आता दरवर्षी असते. तू साखळीत उभी राहा, लेकीलाही घेऊन जा. बसलेल्यांबद्दल मला आदर आहे, पण कायदेशीर मोर्चा अडवणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि तो कागद तुझ्या फाइलला लागतो. दंड इथे 'दिवसांच्या' हिशेबात मोजतात. 90 दिवसांपर्यंतचा दंड नागरिकत्वाच्या अर्जात सहसा आड येत नाही, त्यापुढे येतो. वंशद्वेषी किंवा ज्यूविरोधी हेतू न्यायालयाने नोंदवला असेल तर त्याखालचाही येतो. पॅलेस्टाइनच्या मोर्चांत घोषणा देताना हे विसरू नकोस. 'नदीपासून समुद्रापर्यंत'वर गृहखात्याने नोव्हेंबर 2023 मध्ये हमासची घोषणा म्हणून बंदी घातली आहे आणि न्यायालयांचं त्यावर एकमत नाही. अशा भांडणात आपला व्हिसा कशाला घालायचा?

बाकी बारीकसारीक: रेसिडेन्स कार्ड जवळ ठेव. थंडी कितीही असो, मफलर नाकावर नको. मधलं बोट दाखवणं, पोलिसाला शिवी देणं याला इथे खरोखर दंड होतो. लोकांचे चेहरे इन्स्टाग्रामवर टाकू नकोस.

स्वस्तिक. घरात, देव्हाऱ्यात, उंबऱ्याच्या आत बिनधास्त. कायदा नाझी संघटनांच्या चिन्हाविरुद्ध आहे, तुझ्या धर्माविरुद्ध नाही. पण शेजारच्या आजोबांना हे माहीत असेलच असं नाही. आमच्या ओळखीतल्या एकाने नवीन गाडी घेतली, बायकोने रीतसर पूजा करून बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि दोघं वर चहा प्यायला गेली. चहा संपायच्या आत पोलिस. वागले सभ्यपणे. त्यांनी ठिपके असलेलं स्वस्तिक, पूजेचा फोटो, सगळं ऐकून घेतलं आणि पुसून टाकायला सांगितलं. म्हणून जिन्यात, बाल्कनीत, गाडीवर ॐ काढ किंवा लक्ष्मीची पावलं. लेकीला शाळेत वहीवर काढू नको हे आधीच समजावून ठेव, नाहीतर तिच्या बाई तुला फोन करतील.

आता सुरक्षिततेचं. मला मोर्चाची भीती वाटत नाही. तिथे पोलिस असतात. मोर्चा संपल्यावर पांगलेली, प्यायलेली टोळकी आणि रिकामा ट्रामचा थांबा यांची वाटते. त्या संध्याकाळी मी मधल्या थांब्यांवर ट्राम बदलत नाही, एवढंच. भाडं स्वस्त म्हणून आसपासच्या गावात घर घेण्याआधी विचार कर. फ्रायटाल शहरालगतच आहे. तिथल्या आठ जणांना निर्वासितांवरच्या हल्ल्यांबद्दल 2018 मध्ये दहशतवादी गट म्हणून शिक्षा झाली. आणि म्यूगेलन हे नाव ऐकून ठेव: ऑगस्ट 2007, गावची जत्रा, आठ भारतीय, मागे पन्नासेक जणांचा जमाव. ते एका पिझ्झाच्या दुकानात लपले म्हणून वाचले. मी नॉयश्टाटमध्ये राहते, कारखान्याकडे जाणारी सात नंबरची ट्राम तिथूनच मिळते. गोर्बिट्झमध्येही आपली बरीच मंडळी सुखाने राहतात.

कुणी शिवीगाळ केली तर गप्प बसू नकोस, तक्रार कर. हे सांगताना एक प्रकरण लपवणं बरोबर नाही. 2008 मध्ये ड्रेस्डेनच्या एका बागेत झोपाळ्यावरून एका माणसाने हिजाब घातलेल्या इजिप्शियन फार्मासिस्ट बाईला 'दहशतवादी' म्हटलं. तिने तक्रार केली, त्याला दंड झाला. अपिलाच्या सुनावणीत, 1 जुलै 2009 ला, त्याने भर न्यायालयात तिला चाकूने भोसकून मारलं. ती गरोदर होती. वाचवायला धावलेल्या नवऱ्यालाच पोलिसाने चुकून गोळी घातली. मारणारा स्वतः रशियातून स्थलांतरित होऊन आलेला. त्यानंतर न्यायालयांच्या दारात तपासणी सुरू झाली. तक्रार करच म्हणते, पण एकटी जाऊ नकोस. आर-ए-ए साक्सेन ही संस्था अशा हल्ल्यांना बळी पडलेल्यांना मोफत सल्ला देते, गरज पडल्यास सोबत माणूसही.

आइंडहोवेन सुरक्षित म्हणून निवडणार असशील तर लक्षात ठेव, 2023 च्या नोव्हेंबरात नेदरलँड्सच्या निवडणुकीत पहिला आलेला पक्ष स्थलांतरविरोधी गीर्ट विल्डर्सचा होता. ही हवा सगळीकडेच आहे. पगार, काम, शाळा बघून ठरव. इथे टीएसएमसी, बॉश, इन्फिनिऑन आणि एनएक्सपी मिळून नवा कारखाना उभारतायत, तेव्हा आत्ता तुला मागता येईल. सही करण्याआधी दोन गोष्टी ऑफरमध्ये लिहून घे: पहिल्या काही महिन्यांचं घर शहरात, आणि नवऱ्याच्या जर्मनच्या वर्गाचा खर्च. तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस, इथे कागदाशिवाय काही हलत नाही.