भिंत पाडणं स्वस्तच, पण वरचं ओझं कोण पेलणार?

प्रश्न : आमचं घर पूर्व भागात, खाली पूर्वी माग होते, आता बंद केलेत. मुलाचं लग्न ठरलंय म्हणून पुढची आणि मधली खोली एक करून मोठा हॉल करायचाय. मधली भिंत नऊ इंची, लांबी १२ फूट, वरच्या मजल्याला बरोबर तिच्यावरच भिंत आलीय आणि घरात कॉलम नाहीत. एक मिस्त्री १८ हजारात पाडून मलबा उचलून देतो म्हणाला, दुसऱ्यानं १ लाख ४० हजार सांगितले. एवढा फरक कसा, लुबाडायलेत का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोघांचा दर वेगवेगळ्या कामाचा आहे. पहिला फक्त पाडायचे पैसे सांगतोय, आणि दादा, कृपा करून त्याला हो म्हणू नका. नऊ इंची भिंत, वर भिंत, कॉलम नाही, म्हणजे ती भारवाहीच धरायची.

तिच्यावर किती ओझं आहे बघा. पाच इंची स्लॅब, फरशी आणि माणसं-सामान मिळून चौरस मीटरला ६०० किलोच्या आसपास धरतात, दोन्हीकडच्या खोल्या १० फुटी असतील तर एका स्लॅबचेच साडेसहा टन त्या भिंतीवर येतात, वरची भिंत पावणेपाच-पाच टन, शिवाय गच्चीचा स्लॅब, सगळं मिळून १७-१८ टन. भिंत गेली की हे सगळं तिच्या जागी बसवायच्या गर्डरवर, म्हणजे लोखंडी तुळईवर येणार.

१२ फुटांच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, एवढ्या वजनाखाली साधारण आयएसएमबी २५० चे (इंग्रजी I आकाराचे, २५० मिलिमीटर उंचीचे) दोन गर्डर लागतात, मीटरला ३७ किलो वजनाचे. दोन्ही टोकांना भिंतीत बसणारा भाग आणि प्लेटा धरून सव्वातीनशे किलो लोखंड झालं, किलोला कटिंग-वेल्डिंग-फिटिंगसकट शंभर धरले तर ३२-३३ हजार इथंच गेले. मग टोकांखाली काँक्रीटचे ठोकळे, स्लॅबला दोन्ही बाजूंनी जॅक आणि टेकूचं भाडं, इंजिनिअरची फी, पाडणं, गिलावा, फरशी, वायरिंग. त्यामुळं १ लाख ४० हजार मला फार वाटत नाहीत, फक्त त्यात काय काय धरलंय ते कागदावर लिहून घ्या.

क्रम कधी उलटा होऊ देऊ नका. आधी टेकू, मग गर्डर बसवून वरची फट न आकसणाऱ्या ग्राऊटनं (सिमेंटच्या पातळ मसाल्यानं) घट्ट भरायची, ते पक्कं झाल्यावरच भिंत काढायची. ब्रेकर नको, कटरनं कापून हळूहळू काढायला सांगा, जुन्या विटांना हादरे सोसत नाहीत.

आणखी एक गोष्ट कोटेशनमध्ये सहसा नसते, पाया. आतापर्यंत १८ टन १२ फुटांवर पसरलेले होते, आता दोन टोकांना नऊ-नऊ टन येणार. आपल्याकडं काळी माती, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात आकसते, म्हणून इंजिनिअरला दोन्ही टोकांशी खड्डा घेऊन पाया बघायला लावाच. पाया कमी पडला तर खर्च वाढेल, पण ते आत्ता कळलेलं बरं. टोकाची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असेल तर त्यांच्याशी आधी बोला. महापालिकेची परवानगीही लागते, लायसन्स असलेला इंजिनिअर नकाशासकट अर्ज करून देतो.

पैसे वाचवायचेच असतील तर भिंत अख्खी काढू नका, मध्ये ६ फुटांची मोकळीक घ्या. गाळा निम्मा झाला की गर्डरला वाकवणारा जोर चौथाईवर येतो, त्यामुळं बरेच हलके गर्डर चालतात, टोकांवरचं वजनही कमी होतं आणि हॉल तरी मोकळाच दिसतो. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. लग्नाची तारीख जवळ असेल तर काम लग्नानंतरच काढा, टेकू लावलेल्या घरात पाहुणे नकोत.

प्रश्न : साडेचार इंची पार्टिशनलासुद्धा इंजिनिअर लागतो का?

उत्तर : एकदा दाखवा. नंतर घातलेली असेल तर सहसा भार घेत नाही, पण जुन्या घरात वाकलेला स्लॅब कधीकधी तिच्यावर टेकलेला असतो, वरच्या बाजूला गिलावा चिरडल्यासारखा दिसला तर हातोडा लावू नका.