कविता मोकळी, चाल नाही

प्रश्न : बालकवींच्या एका कवितेवर मी तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म केली. चित्रं सगळी माझी. मागे त्याच कवितेचं गाजलेलं जुनं गाणं लावलं. कवीला जाऊन शंभर वर्षं झाली, मी एक रुपया कमावत नाही, शेवटी सगळ्यांची नावंही दिली आहेत. तरी यूट्यूबवर गाण्यासाठी कॉपीराइटचा दावा आला. असं का? (विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : कवितेपुरतं तुमचं अगदी बरोबर. आपल्याकडे कवीच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हा हक्क (कॉपीराइट) चालतो. बालकवी १९१८ साली गेले, तेव्हा त्यांचे शब्द खुशाल वापरा. पण तुम्ही लावलंय ते गाणं. त्यातली चाल संगीतकाराची, आणि तिची ६० वर्षं त्याच्या मृत्यूनंतर मोजायची. ध्वनिमुद्रण हे आणखी तिसरंच प्रकरण. ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, आणि मालक बहुधा कंपनी. म्हणजे तीच चाल मावशीकडून गाऊन घेतलीत तरी ध्वनिमुद्रणाचाच प्रश्न सुटेल, चालीचा राहील. वर्गातल्या पेटीवाल्याला नवी चाल लावायला सांगा. मला तर ती ऐकायला जास्त आवडेल.

‘पैसे कमावत नाही’ हे दर दुसऱ्या पत्रात असतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना एक सवलत आहे खरी. प्रेक्षकांकडून पैसे न घेता नाटक किंवा गाण्याचा प्रयोग करता येतो. ती सवलत प्रयोगाची. फिल्ममध्ये गाणं जोडून ती जगभर दाखवणं त्यात बसत नाही. आणि श्रेयनामावलीत बरेच जण टाकतात ते ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ हे वाक्य म्हणजे सिग्नल तोडताना पोलिसाला हात जोडणं. दहा सेकंदांपर्यंत गाणं वापरलेलं चालतं, असाही नियम कुठे नाही.

फुकटचं संगीत शोधणार असाल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे आपलं काम ठरावीक अटींवर इतरांना फुकट वापरू देणारा, परवाना नीट वाचा. त्यात ‘एनडी’ अक्षरं दिसली की सोडून द्या. त्या परवान्यांत चित्रावर संगीत बसवणं हाच बदल धरतात, आणि एनडी म्हणजे बदल केलेलं पुढे द्यायला मनाई.

प्रश्न : आमच्या फिल्ममधली पात्रं मित्राने काढली, पैसे न घेता. आता भांडण झालंय आणि तो म्हणतो, माझी पात्रं काढून टाका. फिल्म परदेशी महोत्सवाला पाठवायची आहे. (पुणे)

उत्तर : चित्रं त्याची आहेत. तोंडी ‘घे रे, वापर’ म्हटल्याने मालकी तुमच्याकडे येत नाही, त्याला लेखी आणि सही केलेला कागद लागतो. आधी चहा पाजा, मग कागद काढा. त्यात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ‘सर्व हक्क दिले’ एवढंच लिहून गाडी देशाबाहेर जायची नाही. त्याचं नावही फिल्ममध्ये ठेवा. हक्क विकल्यावरही निर्मितीचं श्रेय मागायचा अधिकार कलाकाराकडेच राहतो.

सही होईपर्यंत प्रवेशअर्ज भरू नका. फिल्ममधल्या सगळ्याचे हक्क आमच्याकडे आहेत, असं बहुतेक अर्जांत लिहून घेतात.