आधी तिची हजेरी मांड

चि. बाळा,

परवा फोनवर तू म्हणालास, "बायको म्हणते पुण्याला परत जाऊ, नोकरीच बरी होती," आणि त्याच दमात विचारलंस, शेतावर पाहुण्यांसाठी खोल्या अजून किती बांधू? अरे, खोल्यांचं राहू दे. तिची हजेरी वहीत मांडतोस का, ते सांग.

आमच्या मंगळवेढ्याकडे भाकरीला मालदांडी आणि हुरड्याला गूळभेंडी. दहा-दहा दिवसांच्या अंतराने पट्टे पेरले की डिसेंबरअखेरपासून महिना-दीड महिना पाहुण्यांना हुरडा पुरतो. बियाणं, गोवऱ्या, डिझेल, आगटीवरच्या गड्याची हजेरी, सगळं मी लिहायचो. काकूचं नाव कुठेच नव्हतं. ती पहाटे चारला चूल पेटवायची, साठ माणसांच्या भाकऱ्या थापायची. तव्याची कड लागून उजव्या मनगटावर काळे डाग पडलेले. पाहुणे निघताना मला म्हणायचे, "मालक, काय चव आहे!" आणि मी हात जोडायचो.

२०१६ च्या जानेवारीत ती नऊ दिवस तापाने पडली. भाकरीला दोन बायका लावल्या, भांड्यांना एक, तिघींना प्रत्येकी रोजचे तीनशे. आठ हजार शंभर रुपये वहीत मांडले आणि खाली उरले बाराशे. नऊ वर्षं ज्याला नफा म्हणत आलो, ती तिची मजुरी होती! तिला सांगायला गेलो, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला ठाऊक होतं."

तेव्हापासून ताटाचा दर तिची हजेरी धरूनच काढतो. शेजारी दर पडले, माझे दोन हंगाम वाईट गेले, तरी खाली आलो नाही आणि येणार नाही. चाळीसच्या वर माणूस घेत नाही. सोमवारी चूल बंद. लोक हेकट म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या घरातली बाई पहाटे किती वाजता उठते, ते मला माहीत आहे.

"घरचंच काम, लिहायचं काय?" हे मला ऐकवू नकोस. आई काय म्हणेल, हेही नको. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा म्हणून. सभेत मीही टाळ्या वाजवल्या. काकूचं नाव लावलं २०१७ ला! एवढी वर्षं कशात गेली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तू घालवू नकोस. आज रात्रीच बस, तिला शेजारी बसव, आणि गेल्या हंगामातल्या तिच्या दिवसांची हजेरी मांड. मग दर काढ. परवडत नसेल तर धंदा परवडत नाही, एवढं तरी खरं कळेल.

आता आमची वही काकूच लिहिते. यंदा पहिला पट्टा नाताळात भरेल. दोघं या, पण सोमवारी या. त्या दिवशी पिठलं-भाकरी मी करतो, स्टोव्हवर. येताना वही आणा.

तुझा काका