कार्ड पंधरा वर्षांचं, दाढ किती वर्षांची?

दातावर बसवायच्या सिरॅमिक कॅपबद्दलची पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, गोंधळ मात्र तोच. काही निवडक प्रश्न.

पुढच्या दाताला धातू-सिरॅमिकची कॅप आहे. हिरडीपाशी काळी रेघ दिसते. झिरकोनिया, म्हणजे धातू नसलेली पांढरी सिरॅमिक कॅप, बसवू का?
रेघ डोळ्यांना खुपत असेल तरच. काठाखाली कीड नाही ना, एवढं मात्र आधी तपासून घ्या.

झिरकोनियाच्या कॅपला १५ वर्षांचं वॉरंटी कार्ड आहे. पाचव्याच वर्षी वास येऊ लागला, डॉक्टर म्हणतात आत कीड आहे. सिरॅमिकला कीड लागतेच कशी? नवी कॅप फुकट मिळेल ना?
सिरॅमिकला लागत नाही, दाताला लागते. कार्ड नीट वाचा. हमी बहुधा कॅप तडकण्या-फुटण्याची असते, तीही लॅबने नवी कॅप करून देण्यापुरती. आतली दाढ किडली तर त्या कार्डाचा उपयोग शून्य. आकडा विकायला बरा, म्हणून छापतात. धातू-सिरॅमिक असो, लिथियम डायसिलिकेट (काचेसारखी सिरॅमिक) असो की झिरकोनिया, पाच वर्षांनी शंभरातल्या नव्वदहून अधिक कॅप शाबूत असतात. जाहिरातीत दिसतो तेवढा फरक तोंडात पडत नाही.

कॅप किती वर्षं टिकणार ते ठरतं काठावर. कॅपच्या काठाच्या वर दाताची दीड ते दोन मिलिमीटर उंच, निरोगी भिंत चहूबाजूंनी उरली आहे का? काठ दाताला फट न ठेवता बसलाय का? तिथून रोज फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा दोरा, फिरतो का? कीड शिरते ती इथूनच. रूट कॅनॉल झालेल्या दाढेत नस नसते, त्यामुळे कळ येत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. एक्स-रेत झिरकोनिया पांढरीफटक येते, तिच्याआडचं काही दिसत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी काठ डॉक्टरांकडून प्रोबने (टोकदार सळईने) चाचपून घ्यायचा. फ्लॉस एकाच जागी फाटतोय, एकाच फटीत अन्न अडकतंय, वास येतोय, ही लक्षणं दिसली की दुखण्याची वाट पाहायची नाही.

तुमची कॅप डायमंड बरने (हिऱ्याचे कण लावलेल्या ड्रिलच्या टोकाने) कापून, कीड साफ केल्यावरच दाढ वाचते का ते कळेल. भिंतच उरली नसेल तर फुकटची कॅप बसवणार कशावर? याच आठवड्यात जा.

झिरकोनियाने समोरचा दात झिजतो म्हणतात. खरं का?
अर्धवट ऐकीव माहिती. गुळगुळीत पॉलिश केलेली झिरकोनिया फारसा त्रास देत नाही, खडबडीत राहिलेली देते. चावा जुळवताना कॅप घासली असेल तर तिथे डायमंडच्या रबर पॉइंटने (हिऱ्याची पूड असलेल्या रबरी टोकाने) पुन्हा पॉलिश व्हायलाच हवं. वरचा ग्लेझचा (चकाकीचा) थर कालांतराने उतरतो, त्याच्या भरवशावर राहू नये. जिभेला खरखर लागत असेल तर दाखवा. झोपेत दात खात असाल तर नाइट गार्डचंही (झोपताना दातांवर घालायच्या कवचाचंही) विचारा.

दाढेचं रूट कॅनॉल होऊन चार महिने झाले, दुखत नाही. कॅप दिवाळीनंतर बसवली तर?
नको. कॅपशिवाय ती चावताना चिरू शकते, आणि दाढ मुळापर्यंत उभी चिरली की बहुतेक वेळा काढावीच लागते.

कॅप निघून हातात आली. फेविक्विकने चिकटवू?
मुळीच नाही. नुसती दाबून बसवून झोपूही नका, झोपेत श्वासनलिकेत जाऊ शकते. डबीत ठेवा आणि दोन-तीन दिवसांत दाखवा, शेजारचे दात सरकले की तीच कॅप बसत नाही. आतलं सिमेंट खरवडू नका. ते कॅपमध्ये राहिलंय की दातावर, यावरून ती का सुटली याचा अंदाज डॉक्टरांना येतो.