केबल बंद केली, पण सासूबाईंना विचारायचं राहिलं

‘केबल काढली तर महिन्याचे साडेतीनशे वाचतात, पण घरातलं म्हातारं माणूस रुसून बसतं. आमचं चुकतंय का?’ मे संपत आला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. किनारपट्टीवर राहणाऱ्याला त्याचं कारण सांगावं लागत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. आंब्याचा हंगाम संपलेला, म्हणजे पॅकिंगची मजुरी थांबलेली. त्यात शाळा सुरू होणार. वह्या, दप्तर, रेनकोट, घराच्या पन्हळीची डागडुजी, सगळं एकाच पंधरवड्यात. अशा वेळी घरातली बाई वहीवर खर्च मांडते आणि तिचा हात पहिल्यांदा केबलच्या आकड्यावर थांबतो.

देवगड तालुक्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. नवरा ट्रॉलरवर खलाशी. बायको हंगामात आंब्याच्या पेट्या भरायला जाते. दोन मुलं आणि नवऱ्याची आई. जूनच्या पहिल्या तारखेला केबलवाला पैसे घ्यायला आला, तेव्हा सुनेने त्याला सांगितलं, ‘या महिन्यापासून नको.’ निर्णय तिचा एकटीचा. नवऱ्याने ‘बरं’ म्हटलं आणि विषय संपला, असं तिला वाटलं.

जूनच्या शेवटी ती माझ्याकडे आली ती रडवेली होऊनच. ‘मॅडम, मी स्वतःसाठी काही घेतलं नाही हो. मुलांचा अभ्यास होईल, चार पैसे वाचतील, एवढंच मनात होतं. आता आई माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणतात. वाडीत सगळीकडे झालंय, सुनेनं म्हातारीचा टीव्ही काढला.’

तिला मी आधी हेच सांगितलं की पैसे वाचवायला केबल बंद करणं हा गुन्हा नाही. ज्या घरात दोन महिने कमाई नाही, तिथे खर्चाला हात घालावाच लागतो आणि तो घालणारी बाई घर सांभाळत असते. हे तिला कुणीतरी म्हणायला हवं होतं. नवरा म्हणाला नव्हता.

मग मी तिला विचारलं, दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत सासूबाई आधी काय करायच्या आणि आता काय करतात? टीव्ही किती वेळ बघायच्या, हे मी मुद्दाम विचारलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर ‘सारखा चालूच असायचा’ एवढंच येतं.

उत्तर द्यायला तिला बराच वेळ लागला. संध्याकाळी देवाला दिवा लावला की शेजारची एक विधवा बाई मालिका बघायला यायची. तिच्या घरी टीव्ही नाही. दोघी तांदूळ निवडत बघायच्या, मध्येच कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या कोर्टातल्या जमिनीचं बोलणं व्हायचं. आठची मालिका संपली की सासूबाई रक्तदाबाची गोळी घ्यायच्या आणि मग जेवायला बसायच्या. एवढं सांगून ती थांबली. ‘शेजारच्या काकी आता येत नाहीत,’ ती म्हणाली. आणि मग, ‘गोळ्या घेतात की नाही ते मी बघितलंच नाही.’ घरी जाऊन तिने पाकीट पाहिलं, तर ज्या गोळ्या संपायला हव्या होत्या त्यातल्या बऱ्याचशा तशाच होत्या. दुसऱ्या दिवशी ती त्यांना आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेली आणि नंतर माझ्याकडे.

आजी आल्या त्या भिजलेली छत्री दाराबाहेर ठेवायला तयार नव्हत्या. कोणी नेईल म्हणून ती पायांशी घेऊन बसल्या. टीव्हीविषयी मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, ‘पैसे नाय तर नाय. पण माका सांगूचा तरी. माका कोणी इचारूक नाय.’ सून मान खाली घालून बसली होती. थोड्या वेळाने आजींनीच पुढचं सांगितलं, ‘सात वाजले काय घर खावक येता गो बाय.’

कोकणातला पावसाळा अशा वयात कसा जातो, ते बाहेरच्याला समजायचं नाही. बाहेर धो धो पाऊस, पायवाटेवर शेवाळ, घसरून पडायची भीती. देवळापर्यंत जाणं बंद होतं. एरवी वाडीत चार घरी फिरणारं माणूस ओटीवर अडकतं. त्या दोन महिन्यांत टीव्ही आणि त्यासाठी येणारी शेजारीण हाच त्यांचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध होता, आणि नेमका त्याच दोन महिन्यांसाठी तो तोडला गेला. सुनेच्या मनात वाईट काही नव्हतं. तिच्या वहीत तो फक्त 350 चा आकडा होता.

पुढच्या वेळी मी नवऱ्यालाही बोलावलं. बंदीचा काळ असल्यामुळे तो घरीच होता. तिघांसमोर एक कागद ठेवला. एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला तो कुणासाठी होतो त्याचं नाव. घरखर्चाची वही बहुतेक जण ठेवतात, पण हे दुसरं नाव कुणी लिहीत नाही. लिहिल्यावर दिसलं असं: केबलसमोर आजी. तीन मोबाईलच्या रिचार्जसमोर नवरा, बायको आणि पुन्हा आजी. तिन्ही मिळून दर 28 दिवसांनी साधारण 800 रुपये. 28 दिवसांचा हिशेब धरला की वर्षात रिचार्ज बारा नव्हे, तेरा वेळा करावं लागतं. म्हणजे 10 हजारांच्या वर. केबलचे वर्षाचे 4200. आणि जूनमध्ये त्यात भर पडली होती ती निराळीच. टीव्ही गेल्यावर धाकटा बापाच्या मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागला, रोजचा डेटा दुपारीच संपायचा आणि वरून छोटे छोटे पॅक मारले जायचे. वाचलेल्या पैशातले बरेचसे तिकडेच गेले होते.

मला सगळ्यात खटकलं ते आजींच्या मोबाईलचं. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. त्यात इंटरनेट चालतच नाही, तरी रिचार्ज डेटासकट होत होतं. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे फोन आणि केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, मोबाईल कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं आणि 2025 च्या सुरुवातीपासून ते मिळू लागले. बटणांचा फोन वापरणारी माणसं घरोघरी आहेत, पण दुकानदार आपणहून हा पॅक सांगत नाही. मागावा लागतो. घेताना आताच्या पॅकशी महिन्याचा हिशेब ताडून बघा.

माझं स्पष्ट मत सांगते. काटकसरीची पहिली कुऱ्हाड जो कमवत नाही त्याच्या गरजेवर पडते, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. नवऱ्याच्या मोबाईलला कुणी हात लावला नव्हता. तो कामाचा, म्हणून. पण बोट किनाऱ्याला लागलेली असताना त्या मोबाईलवर रात्री अकरापर्यंत कोणतं काम चाललं होतं, हे मी त्याला विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही.

पर्याय आम्ही आजींसमोरच मांडले. एक, दूरदर्शनची फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही, डिश आणि बॉक्सचा एकदाच होणारा खर्च. सह्याद्री दिसतं, आणखी काही मराठी चॅनेलही असतात. पण आपल्याकडून या डिशचं तोंड आग्नेयेच्या आभाळाकडे लागतं आणि त्यांच्या घराच्या नेमक्या त्याच अंगाला माड आणि जुनं आंब्याचं कलम. शिवाय जोराच्या सरीत चित्र जातं. आजींनी एकच विचारलं, त्यांची आठची मालिका दिसेल का? ती तिथे दिसत नव्हती. मग नको, म्हणाल्या.

दुसरा पर्याय केबलच, पण पॅक मोडून. 2019 पासून ग्राहकाला हवे तेवढेच चॅनेल निवडून घेता येतात. तेव्हा मूळ आकाराला, म्हणजे चॅनेलचे पैसे सोडून नुसत्या जोडणीला, 130 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, अशी मर्यादा होती. 2024 मध्ये ट्रायने ती मर्यादा काढली, म्हणून आता आपल्या केबलवाल्याला मूळ आकार किती आणि चॅनेलचे किती, असं वेगवेगळं विचारायचं. या घराच्या पॅकमध्ये खेळाचे, इंग्रजी सिनेमांचे असे कितीतरी चॅनेल होते, जे कुणीच बघत नव्हतं. आजींनी बोटांवर मोजून तीन मराठी चॅनेल सांगितले. नातवाने कार्टूनचा एक मागितला, तो आजींनीच मंजूर केला. आकडा अडीचशेच्या आत आला. आजींच्या फोनला कॉलपुरता पॅक घेतला. डेटाचे वरचे पॅक बंद.

साडेतीनशे वाचवायला निघालेल्या सुनेच्या हाती केबलमधून शंभरच लागले, हे मी तिच्यापासून लपवलं नाही. बाकीचं मोबाईलमधून काढावं लागणार होतं, आणि तिथे नवऱ्याशी बोलणं सोपं नव्हतं.

असाच प्रश्न असलेल्यांना माझं सांगणं एवढंच: केबल बंद करायची तर करा, पण केबलवाल्याला सांगण्याआधी ती जास्तीत जास्त बघणाऱ्या माणसाला कागद-पेन देऊन शेजारी बसवा. आकडे त्यांना दाखवा. त्यांच्या वेळापत्रकात टीव्हीला जोडून काय काय येतं ते विचारा: औषध, जेवण, येणारं-जाणारं माणूस. पैसे खरोखरच नसतील आणि सगळंच बंद करावं लागलं, तर गोळीची वेळ दुसऱ्या कशाला तरी बांधा आणि शेजारणीला चहाला बोलवायचं काम सुनेने अंगावर घ्यावं. लागणारा खर्च दोन कप चहाचा. आणि बॉक्स परत करत असाल तर त्याची पावती घ्या, अनामत भरली असेल तर ती मागा.

या घरात शेजारच्या काकी पुन्हा येऊ लागल्या. गोळ्यांचं पाकीट सून रोज रात्री बघते. नवऱ्याचा मोबाईल मात्र अजून वादात आहे. नारळी पौर्णिमेनंतर तो बोटीवर जायच्या आधी दोघं त्यासाठी पुन्हा येणार आहेत.