ख्रिस्ती मिशनचे स्वयंसेवक म्हणून थायलंडला इंग्रजी शिकवायला गेलं तर रोजचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नवरा-बायको एका संस्थेमार्फत वर्षभरासाठी उत्तर थायलंडला जायच्या विचारात आहात. चर्चच्या मंडळीतले सगळे "देवाचं पाचारण आहे" म्हणून पाठ थोपटतायत, पण तिकडे दिवसभर नेमकं करायचं काय, शिकवायचं किती आणि सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, किती सांगायची, हे कुणी धड सांगत नाही. मी आणि माझा नवरा चिआंग राय प्रांतात होतो, २०१७ च्या मेमध्ये शाळा उघडली तेव्हापासून २०१९ च्या मार्चपर्यंत. त्या दोन वर्षांत जे पाहिलं तेवढंच सांगते.

आधी एक गैरसमज. तुमच्या डोळ्यांसमोर बहुतेक असं चित्र असेल की जिथे येशूचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा गावात आपण जाणार. उत्तर थायलंडमध्ये डॅनियल मॅकगिल्व्हरी हे अमेरिकन मिशनरी चिआंग माय या उत्तरेतल्या मुख्य शहरात १८६७ साली पोचले. दोनच वर्षांत, १८६९ मध्ये, तिथल्या राजाने दोन नव्या ख्रिस्ती माणसांना ठार करवलं. पुढे एका ख्रिस्ती लग्नात मुलीकडच्यांनी कुलदैवताच्या मानाचे पैसे मागितले, वाद बँकॉकपर्यंत गेला आणि १८७८ मध्ये उत्तरेत धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. म्हणजे आपण पोचतो तेव्हा या गोष्टीला दीडशे वर्षं झालेली असतात. देश बौद्ध आहे आणि ख्रिस्ती लोक शंभरात एखादा, हे खरं. पण डोंगरातल्या लाहू, आखा, करेन लोकांत कितीतरी गावं आजोबा-पणजोबांपासून ख्रिस्ती आहेत. पहिल्या रविवारी आम्हाला पुढे बोलावून गीत म्हणायला सांगितलं. आम्ही दोघांनी कसंबसं एक कडवं म्हटलं. मग त्या लाहू बाया-पुरुषांनी चार सुरांत, बिनवाद्याचं, असं काही गायलं की माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघून नुसत्या भुवया वर केल्या. कोण कुणाला काय द्यायला आलंय, हा प्रश्न त्या भुवयांत होता.

आता दिवस. पावणेआठला शाळेत. आठच्या ठोक्याला झेंडा वर जातो, राष्ट्रगीत होतं, मग मुलं हात जोडून बौद्ध प्रार्थना म्हणतात. सरकारी शाळा आहे, आपण सरळ आणि गप्प उभं राहायचं. आमच्याबरोबरची एक मुलगी तेवढ्या वेळापुरती स्टाफरूममध्ये जाऊन बसायची. तिला वाटायचं आपण आपल्या विश्वासाची साक्ष देतोय, शिक्षकांना वाटायचं ही रोज उशिरा येते.

मग तास. आठवड्याला अठरा होते, एकेका वर्गात चाळीसेक मुलं. "स्कूल" म्हणा म्हटलं की एकसुरात "सकून". थाई बोलण्यात शब्दाच्या शेवटी 'ल' टिकत नाही, त्याचा 'न' होतो, आणि 'स'ने सुरू होणाऱ्या जोडाक्षरात ते मध्ये एक 'अ' घालतात. तिथल्या मुलांची टोपणनावंही गमतीची असतात: बँक, बॉल, आईस, चक्क बिअरसुद्धा. मागच्या बाकावर एक गोल्फ होता. मी मनात म्हटलं, याच्याच नावात 'ल' आणि 'फ' दोन्ही आहेत, यालाच उभा करू. फळ्यावर जीभ टाळूला कशी लावायची त्याचं चित्र काढलं आणि त्याला नीट सावकाश "गोल्फ" म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "कॉप." मी पुन्हा "गोल्फ". तो पुन्हा "कॉप". चौथ्या वेळी तो अतिशय अदबीने म्हणाला की बाई, हे माझं नाव आहे, तुम्ही ते चुकीचं म्हणताय. वर्ग हसून लोटपोट. मला त्याचं म्हणणं बरोबर वाटलं, आणि दोन वर्षं मी त्याला कॉपच म्हणत राहिले.

आपली पण दांडी गुल होते, हे आधीच सांगून ठेवते. आपल्या बोलण्यात 'व' एकच. एका अमेरिकन स्वयंसेवकाने माझ्या वर्गात बसून दाखवून दिलं की जनावरांचा डॉक्टर आणि ओला, हे दोन्ही शब्द मी अगदी एकसारखे म्हणते. लिहिताना आपण 'व्हेट' आणि 'वेट' असा फरक करतो, पण माझ्या तोंडातून दोन्ही 'वेट'च यायचे! त्या रात्री आरशासमोर खालच्या ओठाला दात लावत बसले होते. तिकडे गोऱ्या परदेशी माणसाला 'फरांग' म्हणतात आणि इंग्रजीचा शिक्षक म्हणजे फरांग हे पालकांच्या डोक्यात पक्कं असतं. तुम्हाला बघून चेहरे थोडे उतरतील. मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या भाषेतून इंग्रजी शिकलेल्या माणसाला मूल कुठे अडणार ते आधी कळतं, आणि पाच-सहा महिन्यांत ते पालकांनाही दिसतं.

थाई शिकणं मात्र टाळू नका. पाच सूर आहेत आणि सूर चुकला की अर्थ उलटा. 'क्लाय' एका सुरात लांब, दुसऱ्यात जवळ. पण आपल्याला एक फायदा आहे जो अमेरिकनांना नाही. भाषेला 'फासा', अक्षराला 'अक्सॉन', प्राध्यापकाला 'आचान', गुरुवारला बृहस्पतीवरून आलेला शब्द. आणि शिक्षकाला 'ख्रू', म्हणजे आपला गुरूच.

त्यावरून आठवलं. जूनमध्ये एका गुरुवारी 'वाय ख्रू' म्हणजे गुरुवंदना असते. मुलं गुडघ्यावर बसून शिक्षकांसमोर डोकं टेकवतात आणि फुलांची सजावट हातात देतात. मला आदल्या दिवशी कुणी काही सांगितलं नव्हतं. माझ्या हातात जे आलं त्यात वांग्याचं फूल होतं, एक्झोऱ्याचा गुच्छ होता, आणि मधोमध दूर्वा. अगदी आपल्या दूर्वा. शेजारच्या बाईंनी कानात सांगितलं: वांग्याचं फूल खाली वाकलेलं असतं म्हणून नम्रता, एक्झोऱ्याच्या कळ्या सुईसारख्या म्हणून तल्लख बुद्धी, आणि हे गवत कुठेही पसरतं, तशी विद्या पसरावी. आमच्यातल्या काहींना मुलांनी असं वाकणं पटलं नव्हतं. माणसापुढे गुडघे टेकायचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी दूर्वा हातात घेऊन उभी राहिले आणि घशात आवंढा आला. त्या मुलांना माझ्याकडून नमस्कार स्वीकारला जायला हवा होता, माझा धर्मशास्त्राचा खल नको होता.

आता तुमचा खरा प्रश्न: सुवार्ता किती? माझं मत स्पष्ट आहे. शाळेच्या वर्गात शून्य. संध्याकाळी मंडळीच्या हॉलमध्ये आमचा फुकट इंग्रजीचा वर्ग असायचा, तिथे दारावरच थाईत लिहिलेलं होतं की सहा ते सात इंग्रजी, सात ते साडेसात बायबल, ज्याला सातला जायचं त्याने जावं. बरीच मुलं सातला जायची. काही खाऊ मिळतो म्हणून थांबायची, ते आम्हालाही माहीत होतं आणि त्यांनाही. पण सहा ते सातमध्ये आम्ही फक्त इंग्रजी शिकवलं. व्याकरणाच्या वाक्यात हळूच येशू घुसवायचा, "फक्त गप्पा मारू या" म्हणून पोराला बाजूला घ्यायचं, हे मला लबाडी वाटते. इंग्रजी आमिष म्हणून वापरलं की मुलांना ते आठवड्याभरात कळतं, आणि मग इंग्रजीही जातं नि सुवार्ताही.

इथेच आमचं आणि संस्थेचं वाजलं. नाव सांगत नाही. दर महिन्याला एक फॉर्म भरायचा असे: किती संपर्क, किती जणांनी येशूला स्वीकारायचा 'निर्णय' घेतला, फोटो जोडा. किती मुलांना भूतकाळ वापरता येऊ लागला, याला रकाना नव्हता. तीन महिने मी 'निर्णय'समोर शून्य लिहिलं, चौथ्या महिन्यात फोन आला. आणि २०१८ मध्ये तर कहर झाला. त्या वर्षी २३ जूनला आमच्याच प्रांतात, मे साय भागातल्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल संघातली १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले. २ जुलैला ब्रिटिश पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोचले, तेव्हा त्यांच्याशी इंग्रजीत बोलला तो १४ वर्षांचा एक मुलगा. म्यानमारकडच्या 'वा' नावाच्या जमातीचा, कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेला, आईवडिलांनी शिक्षणासाठी मे सायच्या चर्चकडे ठेवलेला. १० जुलैपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले. आमचा अख्खा हॉल रडला. आणि दोन दिवसांनी संस्थेकडून निरोप: मदत करणाऱ्यांना पाठवायच्या तुमच्या पत्रात लिहा की इंग्रजी वर्गांचं हे फळ आहे. आमचा त्या मुलाशी काडीचा संबंध नव्हता! मी लिहिलं नाही. पुढचं पत्र त्यांनी परस्पर दुसऱ्याकडून लिहून घेतलं.

त्या प्रसंगाने एक खरी गोष्ट मात्र सगळ्यांसमोर आणली. सीमेवरच्या या भागात नागरिकत्व नसलेली मुलं प्रत्येक वर्गात असतात. २००५ च्या मंत्रिमंडळाच्या निर्णयामुळे त्यांना शाळेत शिकता येतं, पण प्रांताबाहेर जायचं तर परवानगी लागते. गुहेतल्या तीन मुलांना आणि प्रशिक्षकाला त्याच ऑगस्टमध्ये नागरिकत्व मिळालं. आमच्या वर्गातल्या एकीला चिआंग मायची वक्तृत्व स्पर्धा होती. कागद वेळेत झाला नाही, ती गेली नाही. त्या मुलीला माझ्याकडून काय हवं होतं? अर्ज कसा लिहायचा ते. आम्ही तो तीन संध्याकाळ बसून लिहिला, एका थाई शिक्षिकेने तो नीट केला.

कागदांवरून व्हिसा. हे नीट वाचा, कारण मंडळीतले लोक "प्रभू मार्ग काढील" म्हणतील आणि इमिग्रेशनवाला पासपोर्ट मागेल. टुरिस्ट व्हिसावर शिकवायचं नाही, फुकट शिकवलं तरी नाही. थायलंडमध्ये स्वयंसेवकालाही वर्क परमिट लागतं. पगारी शिक्षकांचा व्हिसा वेगळा, धर्मकार्याचा वेगळा, स्वयंसेवकांचा वेगळा. तुमचा कुठला, हे निघायच्या आधी लेखी घ्या. दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो, विसरलात तर २,००० बाथ (थाई चलन) दंड. मुक्काम वाढवायचे १,९०० बाथ. आम्ही एकदा विसरलो आणि तो दंड स्वतःच्या खिशातून भरला. आणि हाच हिशेब दुसऱ्या देशाला लावू नका. नेपाळमध्ये ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात धर्मांतर घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात.

पैशांबद्दल थोडक्यात: मंडळीतल्या कुटुंबांनी महिन्याला ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं होतं. पहिले सहा महिने आली, मग गळती लागली. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे, हात न लावता ठेवा.

हवा. नोव्हेंबर ते जानेवारी सुंदर. फेब्रुवारीपासून शेतं आणि रानं जळतात, धूर डोंगरांत कोंडतो, समोरचा डोंगर दिसेनासा होतो. २०१९ च्या मार्चमध्ये तर मी मास्क लावून झोपायचे. कुणाला दमा असेल तर हे विचारात घ्या.

आणि तुमच्या बायकोचं काय ठरलंय? तुमच्या प्रश्नात तिचं काम कुठेच नाही. आमच्याकडे उलटं झालं. माझ्याकडे १२० तासांचा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स होता (करूनच जा, आणि प्रत्यक्ष वर्गावर शिकवायला लावणारा करा, नुसता ऑनलाइन नको). नवऱ्याकडे काहीच नव्हतं. त्याला "सहकारी" म्हणून पाठवलं, म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं. महिनाभर तो माझ्या वर्गात मागे बसून कंटाळला, आम्ही रोज भांडलो. त्या खोलीत दुसरं मराठी माणूस नव्हतं, त्यामुळे भांडायलाही आणि समेट करायलाही एकमेकंच. मग वसतिगृहाची मोटर जळली. तो इलेक्ट्रिशियन. त्याने ती उघडली, तर भोवती पंधरा पोरं. "वायर", "स्क्रू", "ओपन", "डोन्ट टच". माझ्या तासाला जी पोरं तोंड उघडत नव्हती ती त्याच्या मागे मागे इंग्रजी बोलत फिरायला लागली. निघायच्या दिवशी मला निरोपाला वर्ग आला होता, त्याला अख्खं वसतिगृह.

म्हणून संस्थेला ईमेलवर तीन गोष्टी विचारा: व्हिसा कुठला आणि वर्क परमिट कोण काढणार, दर महिन्याच्या अहवालात काय काय भरायचं, आणि दोघांचं वेगवेगळं काम काय. "तिकडे गेल्यावर बघू" असं उत्तर आलं तर तिकीट काढू नका.